आत येणारा चेंडू

माहेनूरचा चेंडू जळगावात कुणाला खेळता येत नव्हता, आणि त्याचं कारण वेग नव्हतं. तिच्यापेक्षा जोरात टाकणाऱ्या दोघी-तिघी जिल्ह्यात होत्या. पण त्यांचा चेंडू हातातून सुटला की कुठं येणार ते दिसायचं. माहेनूरचाही दिसायचा, फक्त जिथं दिसायचा तिथं तो यायचा नाही.

तिचे वडील अमीनभाई पिंजारी. गाद्या-उशा भरायचं त्यांचं लहानसं दुकान होतं, मागच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन. शाळा सुटल्यावर माहेनूर गाद्यांना टाके घालायला बसायची. जाड दाभण भरल्या गादीतून आरपार ओढून ओढून तिची बोटं आणि मनगटं वयाच्या मानानं फार घट्ट झाली होती. शाळेतल्या खेळाच्या अभिमन सरांनी तिला एकदा सहज सॉफ्टबॉल फेकायला लावला आणि दुसऱ्या दिवशी ते दुकानात येऊन भरल्या गादीवर बसले.

“पोरगी मला द्या,” म्हणाले.

अमीनभाई आधी दचकले, मग हसले. “ले जाइए सर. पण संध्याकाळी परत आणून सोडा.”

सरांनी तिला चेंडू शिकवला. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवायचा आणि चेंडू मांडीजवळ, खालून सोडायचा. सोडताना बोटं शिवणीवरून कशी निघतात, त्यावर पुढचं सगळं. बोटं मागून वर सरकली की चेंडू पुढच्या पुढं गरगरतो आणि बॅटरसमोरच्या प्लेटजवळ येऊन एकदम खाली बसतो. त्याला ड्रॉप म्हणतात. बोटं चेंडूच्या पोटाखालून कापत गेली की तो उलटा फिरतो, पडायला हवा तिथं पडत नाही आणि बॅटरला वाटतं, वर चढला. तो राईज. माहेनूरला दोन्ही येत, पण राईज तिच्यासारखा कुणालाच येत नसे.

त्यानंतर सरांनी तिला उभं राहायला शिकवलं. पिचर ज्या पाटीवर पाय ठेवून चेंडू टाकते ती दोन फूट लांबीची असते. “एवढी लांब पाटी उगीच दिलेली नाही,” सर म्हणायचे. “डाव्या टोकाला उभी राहून टाक, चेंडू तिरका बॅटरच्या अंगाकडं जाईल. उजव्या टोकावरून टाक, तिच्यापासून लांब पळेल. ती तुझा हात बघत असते. पाय कोण बघतं?”

आणि एक गोष्ट ते प्रत्येक सामन्याआधी सांगायचे. “बॅटरला फसवायला जाऊ नकोस. आधी तिचा विश्वास बसव. दोनदा खरं बोल. तिसऱ्यांदा खोटं.”

तिचे चेंडू झेलायची मोनाली. ती जवळच्या असोदा गावची, घरी केळीची शेती. सकाळच्या बसनं येऊन दोघी एकाच बाकावर बसायच्या, शाळेपासून कॉलेजपर्यंत. कॅचर मांड्यांमध्ये हात धरून बोटांनी चेंडू मागते आणि पिचर मान डोलावते किंवा नाही म्हणते. माहेनूर मोनालीला सहसा नाही म्हणत नसे. मोनाली बॅटरच्या पायाशी बसलेली असायची. तिला बॅटरचा श्वास ऐकू यायचा, बूट मातीत कसे रुतले ते दिसायचं.

त्या वर्षी विभागाचा अंतिम सामना धुळ्याला होता, जळगाव विरुद्ध धुळे. राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडायला पुण्याहून दोघेजण येऊन झाडाखाली खुर्च्यांवर बसले होते. मैदानावर थंडी सरून ऊन तापायला लागलं होतं आणि वाऱ्यानं बारीक धूळ उडत होती.

धुळ्याकडून आयुषी खेळायला आली. ती आग्रा रोडवरच्या कापडवाल्या मोहनलाल सेठजींची नात, शिरपूरला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती. अंगानं बारीक, पण बॅट अशी फिरवायची की पाठीमागं उभ्या असलेल्या अंपायरला वारा लागावा. गेल्या वर्षी माहेनूरनं तिला राईजवर तीनदा बाद केलं होतं. या वर्षी आयुषी तयारी करून आली होती. पहिल्याच खेपेला बाहेर जाणारा ड्रॉप तिनं वाकून असा उचलला की चेंडू थेट कुंपणाला लागला. दुसऱ्या बेसवर उभी राहून ती माहेनूरकडं बघून हसली. त्यात वाईट काही नव्हतं. खेळणारं माणूस हसतं तसं ती हसली. पण ते हसू माहेनूरला लागलं.

शेवटच्या इनिंगमध्ये आयुषी पुन्हा आली. जळगाव एका धावेनं पुढं होतं, धुळ्याची एक मुलगी तिसऱ्या बेसवर होती, ती प्लेटपर्यंत पोचली की बरोबरी.

माहेनूर पाटीच्या उजव्या टोकाला उभी राहिली. पहिला ड्रॉप, बाहेर. आयुषीची बॅट पोचली नाही. दुसरा तसाच, आणखी थोडा बाहेर. या वेळी बॅटचं टोक लागलं आणि चेंडू रेषेबाहेर गेला. दोन स्ट्राइक झाले, तिसऱ्याला बाद. आयुषीनं बूट मातीत घासले आणि ती प्लेटच्या जवळ सरकली. तिसरा चेंडूही तिथंच येणार आणि या वेळी आपण पोचायचंच, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. तिचं डोकं प्लेटवर झुकलं होतं.

मोनालीनं पुन्हा बाहेरचा ड्रॉप मागितला. माहेनूरनं मान हलवली. मोनालीनं संथ चेंडू मागितला. माहेनूरनं पुन्हा मान हलवली. मग मोनालीनं जरा थांबून अंगठा वर केला, आतल्या बाजूला. राईज. माहेनूरनं मान डोलावली.

पाटीवर येताना ती डाव्या टोकाला उभी राहिली. कुणी बघितलं नाही.

चेंडू सुटताना छान सुटला. बोटांना कळतं ते. मधोमध येतोय असं वाटत तो तिरका आत शिरला आणि चढला. आयुषी त्याच्याकडंच झेपावली होती. शेवटच्या क्षणी तिनं मान मागं घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा हेल्मेट वर सरकलं.

आवाज मोठा आला नाही. ओल्या मातीवर काहीतरी पडावं तसा आला. आयुषी गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात डाव्या डोळ्यावर दाबून. मग तिच्या बोटांमधून रक्त यायला लागलं तेव्हा मोनालीनं मास्क काढून फेकला आणि किंचाळली.

आयुषीचा थोरला भाऊ संयम प्रेक्षकांतून धावत आला. तिला उचलून गाडीत घातलं आणि नेलं. माहेनूर पाटीपासून हललीच नव्हती. अंपायरनं आयुषीला पहिला बेस दिला, तिच्या जागी दुसरी मुलगी येऊन उभी राहिली, कुणीतरी प्लेटजवळच्या रक्तावर पायानं माती ओढली.

अभिमन सर तिच्याजवळ आले. “टाकशील?”

“सर, तिचा डोळा...”

“दवाखान्यात नेलंय. तू डॉक्टर आहेस का? दोन बाद करायच्या राहिल्यात. टाक.”

तिनं टाकले. सगळे बाहेर, सगळे खाली. धुळ्याच्या मुली प्लेटपासून लांबच उभ्या राहत होत्या, त्यांच्या बॅटला ते चेंडूही लागले नाहीत. जळगाव जिंकलं. झाडाखालच्या दोघांनी शिबिरासाठी माहेनूर आणि मोनाली, दोघींची नावं घेतली.

आयुषीला त्याच दिवशी नाशिकला हलवलं. आठवड्याभरात बातमी आली. डाव्या डोळ्याची मागची बाजू फाटली होती. गालाचं हाड जुळेल, डोळ्याला दिसणार नाही.

अमीनभाईंनी मशीन बंद केलं आणि ते कापसाच्या ढिगाजवळ बसून राहिले. मग म्हणाले, “जाऊन यायला पाहिजे.”

माहेनूरची आई रईसा घाबरली होती. माहेनूरच्या मामानं, मोईजनं, फोनवर आलेली चित्रफीत तिला दाखवली होती. कुणीतरी तो चेंडू सावकाश करून पुन्हा पुन्हा दाखवला होता आणि खाली लोकांनी काहीबाही लिहिलं होतं. माहेनूरचं नाव वाचून लिहिलं होतं. अभिमन सरांनीही बजावलं. “आत्ता जाऊ नका. रागात आहेत लोक. खेळात लागतं. नियमात काही चुकलेलं नाही. गप्प बसा, शांत होईल.”

म्हणून ते गेले नाहीत. मोनाली बाकावर बसल्या बसल्या तिला म्हणायची, “तू मुद्दाम नाही केलंस वं.” माहेनूर हो म्हणायची आणि विषय बदलायची. मान दोनदा हलवली होती, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं. त्याबद्दल कुणीच बोलायचं नाही.

उन्हाळा लागला तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मी आयुषी,” पलीकडून आवाज आला. “घरी आलेय. तू येऊ शकतेस का एकदा? मला विचारायचंय.”

अमीनभाईंनी रात्रंदिवस बसून एक उशी केली. नेहमीच्या कापसाची नाही, सावरीच्या कापसाची. त्यातली एकेक बी स्वतः वेचून काढली. “गालाचं हाड मोडलंय पोरीचं,” म्हणाले. “कुशीवर झोपता यायला हवं.” उशी कागदात गुंडाळून मांडीवर घेऊन ते माहेनूरशेजारी धुळ्याच्या एसटीत बसले. पारोळ्याच्या पुढं उन्हात रस्ता पांढरा दिसत होता.

सेठजींचं घर दुकानाच्या वरच होतं. दार उघडलं ते कामाच्या झुंबरबाईनं. शिंदखेड्याकडची म्हातारी बाई. तिनं माहेनूरला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“तूच का ती पोर?”

माहेनूरनं मान डोलावली.

“बठ माय,” झुंबरबाई म्हणाली. “उन्हातून ऊनी तू. पानी ली येस.” आणि ती पाणी आणायला आत गेली.

आयुषीची आजी सूरजबाई पाटावर बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला आणि भिंतीकडं बघत राहिली. अमीनभाईंनी उशी तिच्यासमोर ठेवली. तिनं हात लावला नाही. मोहनलाल सेठजी आतून आले, नमस्कार केला, समोर बसले आणि दुकान कुठं आहे, कापूस कुठून घेता, असं विचारायला लागले. अमीनभाई उत्तरं देत गेले. मग अर्ध्यातच त्यांनी हात जोडले.

“सेठजी, बेटी तो मेरी भी है.”

“आपकी बेटी की दो आँखें हैं,” सेठजी म्हणाले. आवाज चढवला नाही. अमीनभाईंनी मान खाली घातली.

आयुषी आतल्या दारात उभी होती. डाव्या डोळ्यावर काळी काच असलेला चष्मा. गाल अजून जरा चपटा. ती माहेनूरला म्हणाली, “गच्चीवर चल.”

जिन्यावरून चढताना ती प्रत्येक पायरीला आधी पाय लावून बघत होती. गच्चीवर जुन्या साडीवर मुगाच्या वड्या वाळत होत्या. आयुषी त्यांना फार लांबून वळसा घालून गेली. टाकीच्या मागं सावली होती, तिथं दोघी उभ्या राहिल्या. आयुषीनं तिथंच ठेवलेला पिवळा चेंडू उचलला. दुसऱ्या प्रयत्नात तो तिच्या हाती आला. तिनं तो माहेनूरला दिला.

“फेक. हळू.”

माहेनूरनं लहान पोराला फेकावा तसा फेकला. आयुषीचे हात आधीच मिटले आणि चेंडू तिच्या छातीवर आपटून खाली पडला.

“बघितलंस? सगळं कागदावर काढल्यासारखं झालंय. चेंडू नुसता मोठा होत जातो. जवळ येताना दिसत नाही.”

माहेनूर चेंडू उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

“रडू नकोस,” आयुषी म्हणाली. “रडणारे खाली खूप आहेत. मला एकच सांग. सगळे म्हणतात अपघात झाला. डॉक्टर म्हणतात, आमचे सर म्हणतात. मी पडल्या पडल्या रोज तो चेंडू बघते. मधून येत होता. मी मारणारच होते. मग काय झालं? मला कळत नाही. ते तुलाच माहीत आहे. म्हणून बोलावलं.”

अपघात झाला, एवढंच म्हणून माहेनूरला खाली उतरता आलं असतं. सरांनी तेच सांगितलं होतं. पण समोरची मुलगी बॅटर होती. तिला चेंडूबद्दल विचारायचं होतं आणि चेंडूबद्दल तिच्याशी खोटं बोलायची माहेनूरला लाज वाटली.

तिनं सांगितलं. पहिले दोन बाहेर का टाकले ते. पाटीवर आधी कुठं उभी होती आणि नंतर कुठं. चेंडू मधून आल्यासारखा का वाटला.

आयुषीनं खडूचा तुकडा असता तर गच्चीवर काढून घेतलं असतं, इतकं लक्ष देऊन ऐकलं. मधेच तिनं विचारलं, “डावीकडं सरकलीस? मी बघितलंच नाही.”

“कुणी बघत नाही.”

“मला मारायचं होतं?”

“नाही. अल्लाची शपथ, नाही.”

“मग?”

“तुला पुढं आणायचं होतं. तू झुकशील आणि मग आतला तुला खेळता येणार नाही, म्हणून.”

“मी झुकलेली दिसत होते तुला?”

“दिसत होतीस. डोकं प्लेटवर होतं. मोनालीनं बाहेरचाच मागितला होता. मी नाही म्हणाले. दोनदा.”

“का?”

“तू हसली होतीस. कुंपणाला मारलास तेव्हा.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न धरून ठेवला होता. तो थांबल्यावर आयुषी म्हणाली, “माझ्या हेल्मेटला पुढं जाळी होती. तुझा राईज तिच्या पट्टीआड जायचा, दिसायचा नाही. म्हणून सामन्याआधी मी स्क्रू काढून ती घरी ठेवली. घरात कुणाला माहीत नाही. दादीला कळलं तर ती मला...” ती थांबली. “कुणाला सांगू नकोस.”

“नाही सांगणार.”

“मी तुला माफ वगैरे केलेलं नाही. तसं समजू नकोस.”

“नाही.”

त्याच वेळी जिन्याच्या दारातून संयम बाहेर आला. तो कधीपासून उभा होता कोण जाणे. जाळीचं आयुषी दबक्या आवाजात बोलली होती, ते त्यानं ऐकलं नसावं. पुढं आणायचं होतं आणि मोनालीला दोनदा नाही म्हटलं, एवढं मात्र ऐकलं होतं.

“ओढून आणून मारलं तिनं तुला!” तो ओरडला. “स्वतःच्या तोंडानं सांगतेय!”

“संयम, तू मधे पडू नकोस. मी विचारलं होतं.”

“तुझं बोलणं बंद कर.” तो जिना उतरला सुद्धा. त्याचा आवाज खालच्या खोलीतून वर येत राहिला, मग सेठजींचा आला. पहिल्यांदाच चढलेला. “अपनी लड़की को ले जाइए.”

माहेनूर खाली आली तेव्हा अमीनभाई चपला घालत होते आणि चुकीच्या पायात घालत होते. सूरजबाईनं पायानं उशी दाराकडं सरकवली. झुंबरबाईनं ती उचलली, क्षणभर छातीशी धरली आणि काही न बोलता आत घेऊन गेली.

संयमनं सॉफ्टबॉल संघटनेकडं तक्रार केली. जळगावातल्या एका शाळेत शिक्षकांच्या खोलीत बैठक बसली. तीन पदाधिकारी, अभिमन सर, संयम, माहेनूर आणि मोनाली. आदल्या दिवशी सरांनी दोघींना मैदानावर बसवून घेतलं होतं.

“एकच बोलायचं. कॅचरनं चेंडू मागितला, पिचरनं टाकला. त्यापलीकडं शब्द नाही. माहेनूर, तू गच्चीवर काय बोललीस ते घाबरून बोललीस.”

माहेनूर गप्प राहिली. मोनाली म्हणाली, “मी बोलते सर. मीच मागितला म्हणते. अंगठा मीच केला होता ना शेवटी? खोटं कुठं आहे त्यात?”

बैठकीत मोनालीला आधी विचारलं. तिनं हात मांडीवर ठेवून ठरल्याप्रमाणे सांगितलं. “मीच आतला राईज मागितला. तिनं टाकला.”

“तिनं आधी काही नकार दिला होता?”

“नाही.”

संयम बसल्या जागेवरून उठला. “खोटं आहे. माझ्या बहिणीला या माहेनूरनं सांगितलंय.”

मग सगळ्यांनी माहेनूरकडं पाहिलं. मोनालीही पाहत होती. पुढं हे सगळं आठवताना माहेनूरला वाटायचं, त्या वेळी मोनालीकडं नीट बघायला हवं होतं. तिनं टेबलाकडं बघितलं.

“मोनालीनं बाहेरचा मागितला होता,” ती म्हणाली. “मी नाही म्हणाले. परत काहीतरी मागितलं, परत नाही म्हणाले. आतला मलाच हवा होता.”

अभिमन सरांनी डोळे मिटून घेतले. पदाधिकाऱ्यांपैकी जे म्हातारे होते ते शेजारच्याला म्हणाले, “पण पिचरनं नाही म्हणणं नियमात बसतं ना?”

“बसतं.”

“पाटीवर सरकणं?”

“तेही बसतं.”

“आणि हेल्मेटला जाळी का नव्हती?” तिसऱ्यानं विचारलं. “जाळी असती तर एवढं झालंच नसतं.”

“धुळ्याच्या क्लबचं हेल्मेट असंल,” संयम म्हणाला. “क्लबवाल्यांना विचारा.”

अभिमन सर लगेच सरसावून बसले. जाळी क्लबची, जबाबदारी क्लबची, असं ते बोलू लागले. माहेनूरला हे एका वाक्यात संपवता आलं असतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

निर्णय तिथंच झाला. माहेनूरच्या चेंडूत नियमभंग नाही, सबब कारवाई नाही. हेल्मेटबाबत सर्व क्लबना सूचना. आणि बैठकीत खोटी माहिती दिल्याबद्दल मोनालीचं नाव शिबिरातून कमी.

“म्हणजे कुणाचंच काही चुकलं नाही?” संयमनं विचारलं. त्याचा राग कुठं गेला होता कोण जाणे, तो एकदम पोरका दिसायला लागला होता. “तिचं लग्न ठरत होतं. ती माणसं परत आली नाहीत. आणि तुम्ही म्हणता नियमात बसतं?”

म्हाताऱ्या पदाधिकाऱ्यांनी त्याला पाणी पुढं केलं.

बाहेर व्हरांड्यात माहेनूर मोनालीच्या मागं धावली. “मोना, मला तिथं खोटं बोलवेना.”

“बरोबर केलंस,” मोनाली म्हणाली. ती दप्तराचा पट्टा सारखा करत होती. “पण आधी सांगायचंस की. रात्रभर मी पाठ केलं होतं, तुझ्यासाठी. सांगितलं असतंस तर मीही खरं बोलले असते.”

असोद्याची बस आली आणि मोनाली चढली. त्यानंतर बाकावर ती दुसऱ्या मुलीजवळ बसू लागली. भांडण झालं नाही. समोर आली की हसायची. पण बोलताना जवळिकीचं ‘वं’ म्हणणं बंद झालं.

माहेनूर पुण्याला शिबिराला एकटी गेली. आपण जायचंच नाही असं तिनं घरी सांगितलं होतं, पण अमीनभाई म्हणाले, “तू नाही गेलीस तर त्या पोरीचा डोळा परत येतो का?” रईसानं पराठे बांधून दिले.

तिथल्या प्रशिक्षक बाईंनी तिच्या राईजबद्दल ऐकलं होतं. पहिल्या सकाळी त्यांनी प्लेटजवळ बॅटर उभी केली आणि आतला राईज मागितला. माहेनूर डाव्या टोकाला उभी राहिली. हात फिरवला आणि चेंडू कॅचरच्या डोक्यावरून बाहेर गेला. दुसरा बाहेर गेला. तिसरा जमिनीत. बाईंनी बॅटरला बाजूला केलं आणि नुसत्या कॅचरला टाकायला लावला, तेव्हा राईज अगदी जागेवर पडला. बॅटर परत आली की तो पुन्हा बाहेर पळायचा. हातात काही दुखत नव्हतं. बोटं शेवटच्या क्षणी आपोआप वळत होती, गरम तव्याला लागल्यासारखी.

आठवड्याभरात सगळ्या बॅटरना हे कळलं. ही आत टाकत नाही. मग त्या निर्धास्त प्लेटवर चढून उभ्या राहू लागल्या, वाकून तिचे बाहेरचे चेंडू उचलू लागल्या. ज्या मुलींनी तिचं नाव ऐकून सुरुवातीला ओळख काढली होती त्या तिच्या चेंडूवर धावा काढून हसायच्या. माहेनूरला त्यांच्या हसण्याचा राग यायचा नाही. त्या झुकल्या की ती आणखी लांब टाकायची.

बाईंनी तिला जवळ बोलावलं. त्यांना धुळ्याचं माहीत होतं. “वेळ देऊन बघू,” म्हणाल्या. “अशा गोष्टी जातात हळूहळू.”

“मॅडम, ते जावं असं मला वाटत नाही,” माहेनूर म्हणाली.

बाईंनी तिला घरी पाठवलं.

पुढच्या मोसमात जळगावकडून दुसरीच मुलगी चेंडू टाकत होती. तिला झेलायला मोनाली. अभिमन सर माहेनूरवर रागावलेले नव्हते; थकल्यासारखे झाले होते. एके दिवशी दुकानात येऊन ते म्हणाले, “शाळेच्या पोरींना बॅटिंगच्या सरावासाठी कुणी टाकणारं नाही. येतेस का? सरळ टाकायचेत.”

ती जाऊ लागली. दुपारी गाद्यांचे टाके, संध्याकाळी मैदान. मैदानावर पाटीच्या मधोमध उभी राहून ती सरळ, मध्यम वेगाचे चेंडू टाकायची. पोरी ते सडकून मारायच्या, एकमेकींना टाळ्या द्यायच्या. धुळ्याची बातमी अधूनमधून कानावर यायची. आयुषीनं शिरपूरचं कॉलेज पुन्हा सुरू केलं होतं, एवढं खरं. तिचा फोन परत आला नाही. माहेनूरनं तो नंबर ठेवला होता, पण लावला नाही.

पलक नावाची आठवीतली एक पोरगी होती. दात पुढं आलेले, अंगात वारं भरल्यासारखी. एका संध्याकाळी तिनं लागोपाठ चार-पाच चेंडू मारले आणि बॅट खांद्यावर टाकून ओरडली, “ताई, सोपे आहेत हे! तो वळणारा टाका ना. सर म्हणतात तुम्हाला लई भारी यायचा.”

मागं बसलेल्या पोरी खिदळल्या. सर लांब पाण्याच्या टाकीपाशी होते, त्यांना ऐकू गेलं नाही.

“मला नाही येत,” माहेनूर म्हणाली.

“खरंच?”

“खरंच. कोपर वर घे. खाली पडतंय तुझं.”

पलकनं कोपर वर घेतलं.